फडक्यातला पाऊस

"लिव, बाळ. डिग्री पावणेबारा. पाऊस दोन. जेवलीस का?"

सकाळचे सात वाजलेले असायचे. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी मावशींचा आवाज पोचायचा.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामानाचे मेसेज जातात. गावोगावच्या आकड्यांवरून ते लिहायचं काम माझं. मुरगूडजवळचे आकडे तिथल्या शेतकरी मावशी द्यायच्या. त्यांच्या बांधावर आमचं थर्मामीटर आणि पर्जन्यमापक होतं. मी इंग्रजी शाळेतली. पावणेबारा म्हणजे किती, हे मी फोन ठेवल्यावर कागदावर मांडून बघायचे. उलट प्रश्न विचारणं मला जमायचं नाही.

घोळ झाला तो त्यामुळेच. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता. नदीवर उपसाबंदी होती, मोटर लावायला मनाई. आणि ऐन डिसेंबरात, आभाळात एक ढग नसताना, मावशींचा पाऊस मात्र रोज येत होता. दोन. दीड. एकदा तर तीन. तुम्ही असता तर विचारलं असतं. मी आठ दिवस गुपचूप शून्य लिहिलं. त्या शून्यांवरून मेसेज गेला: जमीन कोरडी आहे, हरभऱ्याला लगेच पाणी द्या.

दुसऱ्या सकाळी मावशींनी आकडे दिलेच नाहीत. "उद्या हिकडं ये," म्हणाल्या. "दव हाय तवर पोच."

मी पहिल्या एसटीने गेले. हरभऱ्यावर एक मऊ, जुनं धोतर अंथरलेलं होतं. मावशींनी ते उचललं, पर्जन्यमापकाच्या तोंडावर धरलं आणि पिळलं. मग पाणी मापात ओतून माझ्यापुढे धरलं.

"बघ. दोन."

"मावशी, हे दव आहे."

"मग? आभाळातनंच आलंय की. तू काय लिवलंस?"

"शून्य."

त्या हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा विहिरीपाशी मोबाइल घेऊन उभा होता. "आई, ऑफिसचा मेसेज हाय. मी मोटर चालू करतो."

"हिरीत एकाच पाळीचं पाणी उरलंय. आत्ता दिलंस तर फूल आल्यावर काय पाजशील, मेसेज? तवर दवावर निघतंय पीक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू सांग त्याला."

अनोळखी माणसाशी बोलायला मी बिचकते. तरी बोलले. "दव पडतंय हे मी धरलंच नव्हतं. चूक माझी. फूल येईपर्यंत थांबा."

मुलाने मोबाइल खिशात घातला. "ऑफिसच म्हणतंय म्हटल्यावर काय," एवढंच म्हणाला.

मावशींनी मापातलं पाणी माझ्या तळहातावर ओतलं. जिभेला लावलं तर चिंचेसारखं आंबट. "ही हरभऱ्याच्या पानांवरची आंब. पोट दुखलं की घ्यायची. शहरातल्या पोरींची लई दुखत्यात." आणि एक भरलेली बाटली पिशवीत कोंबली.

ऑफिसात येऊन मी वहीत पेन्सिलीने नवा रकाना आखला: दव. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "आठ दिवस लावलंस. लिव. पाऊस न्हाय. दव दीड. जेवलीस?"

थंडी टिकली. फूल आलं तेव्हा मुलाने ते एकमेव पाणी सोडलं. घाटे दाण्यांनी भरले. मावशी हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची पेंढी घेऊन आमचा जिना चढल्या ते खालूनच ओरडत, "ती शून्यवाली पोरगी कुठं बसती?" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मी टेबलाखाली शिरायचंच बाकी होतं. त्यांनी माझ्या कीबोर्डवरच घाटे सोलले आणि एकेक दाणा माझ्या हातावर ठेवला.

पुढच्या हिवाळ्याच्या आधीच मावशी गेल्या.

आता मुलाचा फोन येतो. त्याचा आवाज बारीक आहे, कान देऊन ऐकावा लागतो. पहिला महिनाभर तो तापमान आणि पाऊस एवढंच सांगून ठेवून द्यायचा. दवाचा रकाना रिकामाच राहिला. मी विचारलं नाही.

परवा मात्र त्याने आकडे सांगून फोन ठेवला नाही.

"ताई, रातच्याला मी हरभऱ्यावर फडकं टाकलं हुतं."

"किती आलं?"

"मापात वतायचं राहिलं. आधी जिभंलाच लावलं. आंबट हाय."

मी दवाच्या रकान्यात तेच लिहिलं. मग विचारलं, "जेवलात का?"