उलटा फिरणारा पंखा

सोलापूरहून दुधनीला जाताना मी बसमध्ये मोबाइलवरच्या विमानांच्या खेळात हेलिकॉप्टर जोडत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना दाखवायचं होतं, पण उडालं की ते स्वतःभोवतीच गरगरायचं. शेजारच्या बाई बराच वेळ बघत होत्या. मांडीवर अवजारांची पिशवी, वॉर्निशनं पिवळी पडलेली बोटं.

"सीलिंग फॅन सैल टांगला की मोटर बी पात्यांच्या उलटी फिरती. तसंच हाय हे," त्या म्हणाल्या आणि एकावर एक धरलेले तळवे त्यांनी विरुद्ध दिशांना फिरवून दाखवले. "वर अजून एक पंखा लावा की, उलटा फिरणारा."

मी लावला. हेलिकॉप्टर सरळ वर गेलं.

"कुठं शिकलात?"

"आमचे मालक वारल्यावर मोटर-पंखे दुरुस्तीचं दुकान मीच चालवते. चुकत चुकत शिकले."

नाव विचारायच्या आत त्या उतरल्या.

वर्गात मी म्हणालो, हे मला एका मिस्त्रीबाईंनी शिकवलं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बायका मिस्त्री असतात, सर?"

"असतात," मी म्हणालो.