उंबऱ्यावर बसलेला आमदार

आमच्या आमदार आप्पांची माणूस निवडायची रीत उलटी होती. मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर अंगठा लावून पैसे देणारं बँकेचं मशीन स्वतःच्या घरून चालवायला बाई हवी होती, तेव्हा बारावी झालेल्या आम्ही चौघीजणी त्यांच्यासमोर उभ्या होतो. त्यांनी मार्क विचारले नाहीत, नवऱ्याचं काम विचारलं नाही. "कशाची भीती वाटती?" एवढंच विचारलं. तिघींनी सांगितलं, कशाचीच नाही. मी म्हणाले, "आप्पा, सगळ्याचीच वाटते. पालीची, पोलिसांची, परक्याच्या पैशाची तर लईच." आप्पा गोरेंकडे वळले. गोरे म्हणजे त्यांचे सहायक, सावलीसारखे मागे असत. "हिचं नाव लिवा," म्हणाले. "परक्याच्या पैशाला घाबरतंय, त्याच्याच हातात पैसा द्यावा."

घरी आले आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. नवरा, सलीम, सुप्याच्या कारखान्यात कामाला. तिकडेच खोली करून राहतो, सुट्टीच्या दिवशी येतो. फोनवर म्हणाला, "झेपत नसेल तर नाही म्हण." नाही म्हणायलासुद्धा भीतीच वाटली, म्हणून मी बँकवाली झाले. हसू नका, असंच झालं.

आप्पांना बँकेचं वेडच होतं. मोठ्यांना बँक घरी येऊन कर्ज देते आणि गरिबाला दारात उभं करत नाही, हा त्यांचा जुना राग. शाखेत गेले की साहेबांच्या केबिनमध्ये जायचे नाहीत, बाहेर म्हाताऱ्यांच्या बाकावर बसायचे. साहेब धावत यायचे, "आप्पा, आत चला." आप्पा शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवायचे, "यांचा नंबर माज्या आदी हाय." मग त्या म्हाताऱ्याचं काम पाच मिनिटांत व्हायचं. आणि एवढा हा माणूस मुंबईला मंत्रालयात मात्र लिफ्टला घाबरायचा, सहा मजले जिन्याने चढायचा. ते त्यांनीच सांगितलं, कसलीही लाज न बाळगता.

साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी आमच्या वस्तीला जामीनदाराशिवाय शेळ्यांसाठी कर्ज मिळवलं. पहिलं मंजूर झालं ठकूबाईचं. ठकूबाई सत्तरीची, तोंडाची फटकळ, सुनेजवळ राहणारी. आठ हजार रुपये तिच्या खात्यात आले. बाकीच्या बायकांचे फॉर्म भरून माझ्या पेटीत होते, पण एकीनेही सही केली नव्हती. म्हातारीचं काय होतं ते आधी बघू, असं सगळ्यांचं ठरलेलं.

मंगळवारी दुपारी ठकूबाई पैसे काढायला आली. कांदा निवडून निवडून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. चौथ्या वेळी मशीनने अंगठा घेतला, गोल गोल फिरलं आणि थांबलं. व्यवहार झाला नाही, अशी चिठ्ठी बाहेर आली. मी म्हणाले, उद्या बघू. तेवढ्यात सुनेच्या मोबाईलवर मेसेज वाजला. खात्यातून आठ हजार गेले होते.

असं कधी कधी होतं, पैसे मधेच अडकतात आणि चार-पाच दिवसांत आपोआप खात्यात परत येतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण शिकवलेलं एक आणि समोर म्हातारी ऊर बडवतेय हे एक. संध्याकाळपर्यंत दारात तीस-चाळीस माणसं जमली. आणि मी काय करावं? मी दार लावून आतून कडी घातली. त्या कडीने मला चोर ठरवलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, "कर नाही त्याला डर कशाला?" ही म्हण ज्याने काढली, त्याला एकदा आमच्या दाराआड उभा करायला हवा होता. मी काही केलं नव्हतं आणि भीतीने माझे दात वाजत होते. त्यात वस्तीवर मुसलमानाचं घर आमचं एकटंच. तसं कुणी बोललं नाही, पण कुणी बोलेल म्हणून मी कान लावून बसले होते.

आप्पांना फोन केला, तर रडूच फुटलं. बुधवारी सकाळी सातला त्यांची गाडी दारात. "आदी दार उघड, मग रड," म्हणाले. मी उघडलं. ते उंबऱ्यावर बसले आणि जमलेल्यांना म्हणाले, "पैसे बँकेत अडकलेत. येईस्तोवर मी हितनं हलत न्हाई."

मागून एकजण म्हणाला, "आप्पा, आठ हजाराची काय कथा तुमाला? देऊन टाका की म्हातारीला."

"आज दिले, तर हिनं खाल्ले आन् आमदारानं भरले, आसं हुईल," आप्पा म्हणाले. "जन्माचा डाग ऱ्हाईल पोरीवर. मंग कंची बाई ह्या मशीनवर अंगठा ठेवील?"

दिवसभर बसले. अंधार पडल्यावर गेले, गुरुवारी पुन्हा सातला हजर. त्यांचा फोन सारखा वाजत होता. गोरे तो घेऊन लांब जात, परत येऊन कानात काही सांगत, आणि आप्पा मान हलवून नाही म्हणत. पक्षाचं काही असेल, असं मला वाटलं. दुपारी ते पाणी प्यायला आत आले. अगदी हळू आवाजात विचारलं, "रुबिना, येतील ना गं पैसे?"

मी हेच त्यांना विचारणार होते. "येतील आप्पा," म्हणाले. तोपर्यंतच्या आयुष्यात मी कुणाला दिलेला तेवढाच धीर.

शुक्रवारी बारा वाजता सुनेचा मोबाईल वाजला. आठ हजार परत आले होते. ठकूबाईने पुन्हा अंगठा ठेवला, नोटा कमरेच्या पिशवीत कोंबल्या आणि मला म्हणाली, "म्या न्हवतं हां चोर म्हनलं, लोकं म्हनत हुती." आप्पा पोट धरून हसले. चहा टाकते म्हटलं, तर थांबले नाहीत. रविवारपर्यंत पेटीतल्या सगळ्या फॉर्मवर सह्या आणि अंगठे झाले.

पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले, तरी येत राहिले. या हिवाळ्यात झोपेतच गेले. सीना नदीच्या काठी दहाव्याला आमच्या वस्तीच्या सगळ्या बायका गेल्या. तिथे गोरे माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुला ठाऊक नसेल," ते म्हणाले. "आप्पा तुझ्या उंबऱ्यावर बसले होते त्या गुरुवारी नागपूरला अधिवेशनात आप्पांचा विषय लागला होता. राज्यातल्या प्रत्येक वस्तीवर बँक आणि गरिबाला विनाजामीन कर्ज. मंत्र्यांना उत्तर द्यावं लागणार होतं. दोन वर्षं झगडून मिळालेला दिवस. सभागृहात त्यांचं नाव पुकारलं, ते जागेवर नव्हते, विषय गेला. पुन्हा कधी लागला नाही."

एका बाईच्या आठ हजारांसाठी? तसं मी विचारलंही.

"मीही तेच म्हणालो होतो. अजून निघालो तर विमान मिळेल, म्हणालो. तर मला म्हणाले, गोरे, पैशाचं न्हाई वो. पोरगी दोन दिस झाले सारखी हिरीकडं बघतीय. मी उठलो तर ती जाईल."

विहीर आमच्या घरामागेच आहे, उंबऱ्यावर बसलं की मागच्या दारातून सरळ दिसते. त्या दोन्ही सकाळी मी मागच्या दाराने घागर घेऊन तिच्या काठावर गेले होते आणि घागर खाली ठेवून बराच वेळ उभी राहिले होते. हे मी सलीमलाही कधी सांगितलं नव्हतं.