बुडणं नव्हे, रुतणं

काल मुलगी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "कामात पार बॉग डाउन झालेय," आणि मला अकोले तालुक्यातली आमची शाळा आठवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस होते, मी नववीत होते. सकाळी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करून मी तशीच वर्गात यायचे. पोटऱ्यांवर चिखल वाळून ताणायचा, खाचराचा आंबूस वास अंगाला असायचा.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर 'बॉग डाउन' लिहिलं आणि पुढे अर्थ दिला, बुडणे. धड्यातली गाडी तर चिखलात अडकून उभी होती. मी उठले.

"सर, बुडणं न्हाई, रुतणं. बुडालेला दिसत न्हाई. रुतलेला उभा आसतो, फकस्त पाय निघत न्हाई."

"चिखल तुडवणारी मला इंग्रजी शिकवणार?" सर म्हणाले. वर्ग हसला. "बुडणे म्हण, मगच खाली बस."

मी म्हटलं नाही. तास संपेपर्यंत उभीच राहिले. तेव्हा पायांवरच्या चिखलाची लाज वाटत होती. आज वाटतं, तो अर्थ मला त्या चिखलानंच शिकवला होता.

सहामाहीला नेमका तोच प्रश्न आला. मार्क जाणार हे ठाऊक होतं. मी 'रुतणे' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.