वाळूची पिशवी

आज सकाळी फिजिओथेरपीच्या मुलीने माझ्या ऑपरेशन झालेल्या पायाला वाळूची पिशवी बांधली. म्हणाली, "आजी, दुखेल, पण उचला." मला रडूच फुटलं. तिला वाटलं, गुडघा दुखतोय.

मंडळी, साठेक वर्षांपूर्वी रनाळ्यात माझा दादा कुस्ती खेळायचा. त्याचा गुडघा निखळला, तेव्हा तालमीचे वस्ताद रोज घरी यायचे. आधी तेल लावून पाय चोळायचे, मग अशीच पिशवी बांधायचे. "दुखी, पन उचल भाऊ. नई ते पाय सुकी जाई."

दादा कळवळून ओरडायचा. मी आठ वर्षांची, मला ते ऐकवेना. एके दिवशी मी पिशवी विहिरीत टाकली आणि वस्तादांना दारातच सांगितलं, "दादा म्हनस, आते येऊ नका."

ते खरंच परत आले नाहीत. दादाचा पाय काठीसारखा वाळला. तालीम कायमची सुटली.

"वस्तादनी मन्हा नाद सोडी दिधा," असं तो जन्मभर म्हणत राहिला. मी गप्प बसले.

दादाला जाऊन चार वर्षं झाली. आता हे कुणाला सांगू?