साहेब आहेत, पण बोलणार नाहीत

पंख्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात फोनवर बसणारी बाई हेडफोन लावण्याआधी रोज डोळे मिटून प्रार्थना करायची. हिशेबवाल्यांना ती आयतीच सापडली. "काय बाई, वरचा फोन लागला का?" असं ते विचारायचे. बाई हसून सोडून द्यायची. तिचं एकच होतं, प्रभूला साक्षी ठेवून खोटं बोलायचं नाही. आता फोनवर बसून खोटं बोलायचं नाही म्हणजे खाटकाच्या दुकानात बसून रक्त बघायचं नाही म्हणण्यासारखंच की! मालक काचेच्या केबिनमध्ये ढळढळीत दिसत असताना 'साहेब बाहेर गेलेत' हे काही तिच्या तोंडून निघेना. आणि खरं सांगायचं तर या खरेपणाचा तिला थोडा तोराही होता. चर्चमध्ये बायका कौतुक करायच्या, ते तिला आवडायचं.

मालकांची आई वृद्धाश्रमात होती. रोज दुपारी तिचा फोन यायचा आणि मालक काचेआडून नुसता हात झटकायचे. 'निरोप देते आजी' म्हणून बाई वेळ मारून न्यायची, आणि निरोप खरोखरच द्यायची. त्या निरोपांनाच मालक कंटाळले. तिला आत बोलावून म्हणाले, आईला सांगा, साहेब परदेशी गेलेत, इतक्यात यायचे नाहीत. जमत नसेल तर नोकरी सोडा. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल हिच्या एकटीच्या पगारावर. बाई पुरती कात्रीत सापडली.

दुसऱ्या दिवशी तिने जरा जास्तच वेळ डोळे मिटले. दुपारी फोन वाजला.

"आहे का गं तो?" म्हातारीने विचारलं.

"आहेत आजी. समोरच बसलेत. पण त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही."

म्हातारी 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाईने डबा पिशवीत भरला. आता काढलंच आपल्याला, या तयारीने ती ताठ बसून राहिली. मनातून तिला बरंही वाटत होतं, परीक्षेत पास झाल्यासारखं. पण मालकांनी केबिनमधून सगळं ऐकलं असूनही ते काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात म्हातारीचा फोन पुन्हा आलाच नाही, तेव्हा मात्र ते स्वतः तिच्या टेबलाशी आले.

"बाई, इतक्या वर्षांत मला जमलं नाही, ते तुम्ही एका वाक्यात केलंत."

तेव्हापासून नकोसे फोन सगळे तिच्याकडे. कामावरून काढलेला फिटर परत घ्याल का विचारायचा, यंत्रात हात गेलेल्या कामगाराची बायको मुलाला कामाला चिकटवा म्हणायची. "खरं काय ते सांगून टाका," एवढंच मालक म्हणायचे. बाई सांगायची. खोटं त्यात काहीच नव्हतं, बोलणार काय? हिशेबवाले आता चेष्टा करेनासे झाले. चहाला बसले की तिच्यापासून जरा लांबच बसायचे.

एका रविवारी चर्चमधून ती घरी न जाता थेट वृद्धाश्रमात गेली. म्हातारी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी फोनवरची, असं बाईने सांगितलं, तरी म्हातारी वळली नाही.

"तो तिथेच असतो, हे मला का कळत नव्हतं? मागून आवाज यायचा ना त्याचा," ती म्हणाली. "तू निरोप देते म्हणायचीस, तेवढ्यावर माझा दिवस जायचा. तू कशाला सांगितलंस गं?"

बाई माफी मागायला आली होती, पण ती कुठल्या तोंडाने मागणार? आणि मग कळत्या वयात पहिल्यांदाच ती खोटं बोलली.

"आजी, साहेबांनीच पाठवलंय मला. चुकलं म्हणाले. तुम्हाला घरी न्यायचंय त्यांना."

म्हातारी वळली. कॉटवर उठून बसली.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "पण तू काही खोटं बोलायची नाहीस. कधी येतोय तो?"

बाई काही सांगायच्या आत म्हातारी खाली उतरून कॉटखालची बॅग ओढायला लागली होती.