गाणारी आपली आपण आणायची

पियानोवर साथ करण्याची परीक्षा असते, असं सांगितलं की औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात येणारे लोक हसतात. साथीची कसली परीक्षा? गाणारा गातो, वाजवणारा मागून वाजवतो. मग मी वाद घालते, माझा आवाज चढतो आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक निघून जातं. जाऊ दे. परीक्षा असते, तिला पायऱ्या असतात, सगळ्यात वर डिप्लोमा असतो आणि तिचा एक नियम फार वाईट आहे. गाणारी आपली आपण आणायची. गुण तिला नसतात. ती कशीही गायली तरी परीक्षक तुमचीच बोटं बघणार. पण ती आलीच नाही, तर तुमची परीक्षाच नाही.

आमचं मूळ पिशोरकडचं. घरात मेंढरं होती. मेंढरं गेली तसे वडील शहरात आले आणि छावणीत एका निवृत्त शिक्षिकेच्या बंगल्यावर राखणदार झाले. बाई ख्रिस्ती, एकट्या. सगळे त्यांना मिस म्हणत. त्यांच्या हॉलमध्ये पियानो होता. मिसना बाजारात भाव करता येत नसे. भाजीवाला मागेल ते देत आणि वर त्याला थँक्यू म्हणत. मला ते बघवेना. मी लहानच होते, पण एकदा त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि भाजीवाल्याशी अशी भांडले की त्यानं वरून कोथिंबीर टाकली. येताना वाटेत मी म्हटलं, "मिस, तुमचा बाजार मी करते. तुम्ही मला ते वाजवायला शिकवा." तो माझा पहिला सौदा. त्याहून चांगला अजून जमलेला नाही.

चिकलठाण्याला कारखाने वाढत होते तेव्हा मी तिथं एका कंपनीत पॅकिंगला लागले. संध्याकाळी मिसकडं पियानो चालूच होता. कंपनीत माझ्या शेजारच्या स्टुलावर एक मुलगी बसायची. विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत राहायची, भीमजयंतीला स्टेजवर गायची. खोकी चिकटवताना गुणगुणायला लागली की सुपरवायझरसुद्धा उगाच आमच्या टेबलाशी घोटाळायचा. पियानोच्या वरच्या पायरीला साथीची परीक्षा आली तेव्हा मी दुसरीकडं बघितलंच नाही.

"माझ्या परीक्षेला गाशील का?"

"कोणतं गाणं?"

"इंग्रजी."

"आन मला काय मिळंल?"

"तुमच्या जयंतीला मी पेटी वाजवते."

"आमचा पेटीवाला हाय की."

"तो तुझ्यामागं फरफटत येतो. मी ऐकलंय त्याला."

ती एवढी हसली की डिंकाचा डबा लवंडला. सौदा ठरला.

मिसनी शब्द देवनागरीत लिहून दिले. गाणं एका बाईचं होतं. तिचा माणूस जहाजावर गेलाय आणि ती किनाऱ्यावर वाट बघतेय. "आपल्याकडं समुद्र कुठंय?" ही म्हणाली. "जायकवाडी डोळ्यापुढं आणते." आणि गायली. मिस खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, बराच वेळ वळल्या नाहीत.

बदल्यात मी तिच्या वस्तीत पेटी वाजवायला जाऊ लागले. तिथं गायकाला कुणी सूर देत नसे. गाणारी तोंड उघडायची आणि पेटीवाल्यानं तिची पट्टी शोधून काढायची. एका ओळीत सापडली तर तुम्ही पेटीवाले, नाहीतर लोक पाणी प्यायला उठायचे. तिची आई मला आधी भाकरी वाढायची, मग बाकीच्यांना. हे पिशोरला कळलं तेव्हा चुलते मुद्दाम घरी आले. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून गावोगाव माणसं एकमेकांना पारखी झाली होती, घरं जळाली होती. चुलते म्हणाले, "तिकडं पेटी वाजवाया जातीस म्हणं?" मी म्हटलं, "व्हय. तुमच्याकडं गाणारी असंल तर तिकडं येते." त्यावर ते चहा न पिता गेले.

हे सगळं अशासाठी सांगते की मी तिच्यासाठी काय काय अंगावर घेतलं होतं ते कळावं.

परीक्षेच्या दिवशी ती आली नाही.

परदेशी परीक्षक शाळेच्या हॉलमध्ये बसले होते. माझा नंबर आला, मी त्यांना विनवून शेवटचा करून घेतला. शेवटचाही आला. मी फाटकापर्यंत तीनदा पळत जाऊन आले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि फार सभ्यपणे सांगितलं की गायकाशिवाय साथ ऐकता येत नाही. मिस माझ्या शेजारी बसून होत्या, माझा हात त्यांच्या हातात होता. मी तो सोडवून घेतला आणि तडक तिच्या वस्तीत गेले. तिची आई दारातच बसली होती. म्हणाली, "पोरगी सत्याग्रहाला गेलती बाई. कालपास्नं आत हाय."

सुटून आल्यावर ती कंपनीच्या बसथांब्यावर भेटली.

"एक दिवस थांबायला काय झालं होतं?" मी ओरडले. "सत्याग्रह परवा केला असता तर नाव बदललं नसतं?"

"तुजी परीक्षा पुढल्या साली येईल," ती शांतपणे म्हणाली.

"आणि तुझं नामांतर?"

"त्याला किती साल लागतील, कोण सांगतंय?"

चुकलं म्हणाली नाही. मला तेच लागलं. मी काही नामांतराच्या विरोधात नव्हते. पण सौदा तो सौदा. आदल्या दिवशी कुणाच्या हाती निरोप पाठवला असता, तर मी तिला एक शब्द बोलले नसते. पुढं वाळूजला नवे कारखाने आले, ती तिकडं लागली. आमचं बोलणं तुटलं. जयंतीच्या दिवसांत तिच्या वस्तीवरून जायची वेळ आली की मी रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावायची.

ती पायरी मी पुढच्या वर्षी मिसच्या भाचीला घेऊन पार केली. भाची पाढे म्हटल्यासारखी गायली, मी पास झाले. डिप्लोमा तेवढा राहिला. मिस म्हणत, "डिप्लोमाला नुसता आवाज नाही चालत, गाणारी लागते." कुठली गाणारी, ते त्या बोलत नसत. मी नोकरी सोडली, औरंगपुऱ्यात पेट्या दुरुस्त करायला आणि विकायला बसले, भांडून भांडून दुकान उभं केलं. मिस थकल्या. त्यांचा पियानो रोज वाजवायला मी जायची, आणि त्या पलंगावरून म्हणायच्या, "मागं मागं वाजव. कुणीतरी गातंय असं समज."

शेवटी एकदाचं नामांतर झालं. त्याच आठवड्यात ती दुकानात आली. केस पुढून पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा. गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर तिनं एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. मला बोलता येईना, नाहीतर बरंच बोलायचं होतं.

पेढा गिळून मी म्हटलं, "तुझं झालं. माझं राहिलंय."

"अजून?" ती म्हणाली. "लई मठ्ठ हायेस गं तू."

"गाणारी पळून गेली होती."

"मंग आता आलीय. कधी जायचंय?"

एवढंच. माफीबिफी काही नाही. डिप्लोमासाठी पुण्याला जावं लागे. एसटीत ती खिडकीशी बसली, शब्दांचा मिसनी लिहिलेला तोच कागद पुटपुटत. जुनंच गाणं आम्ही ठेवलं होतं, बाकीची नवी. नगरला तिनं कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मला भ्या वाटतंय." वस्तीत हजार माणसांपुढं गाणारी बाई! मी म्हटलं, "गुण तुला नाहीत." "म्हणूनच वाटतंय," ती म्हणाली.

नवी गाणी नीट झाली. शेवटी समुद्रवाल्या बाईचं. त्याची पहिली ओळ गाणारीनं एकटीनं म्हणायची, पियानो दुसऱ्या ओळीला येतो. मी ठरल्याप्रमाणे पांढरी पाचचा सूर हलकेच दिला. तिनं डोळे मिटले आणि काळी चारमध्ये सुरू केलं. अर्धा सूर वर. भीतीनं ती सरळ आपल्या स्टेजवर जाऊन पोचली होती, जिथं कुणी सूर देत नाही.

मला ठरवायला एका ओळीपुरता वेळ होता. तिला थांबवून पुन्हा सुरू करायची मुभा होती, परीक्षकानं पेन उचलून माझ्याकडं बघितलंही. थांबवलं असतं तर आपण चुकलो हे तिला कळलं असतं. इतक्या वर्षांचा माझा सगळा हिशोब त्या एका क्षणात, परक्या माणसासमोर, एक शब्द न बोलता चुकता झाला असता. भाव करणाऱ्या माणसाला हातातलं हुकमाचं पान न खेळणं किती जड जातं ते मला विचारा. पण तिचा गळा इतका उघडा लागला होता आणि ती किनाऱ्यावरची बाई इतक्या जवळ येऊन उभी होती, की मला हात घालवेना. दुसऱ्या ओळीला मी काळी चारमध्ये शिरले. समोरच्या छापील पानाचा एक सूरही खरा नव्हता. मी पानाकडं बघणं सोडलं आणि तिच्या खांद्यांकडं बघत राहिले. ते वर गेले की ती श्वास घेते. तेवढं थांबायचं.

बाहेर आल्यावर तिनं पदरानं गळा पुसला आणि एकदम फुशारली. "कसं झालं?"

"बरं झालं."

"नुसतं बरं? त्यो साहेब शेवटी डोळं मिटून बसलावता. म्या बघितलंय."

पुढं निकाल आला, मी पास झाले. मिसना पलंगाशी बसून सांगितलं, पट्टीचंही सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तिला नको सांगू."

मी सांगितलेलं नाही. तो बसथांब्यावरचा राग माझ्या पोटात अजून आहे, तो जाणार नाही. ती मात्र अधूनमधून दुकानात येते, चहा मागते आणि गिऱ्हाईकांसमोर मला ऐकवते, "मी नसते ना, तर ही कधीच पास होत नव्हती."

"व्हय बाई, व्हय," मी म्हणते, आणि चहात साखर जास्त टाकायला सांगते, तिला तशी लागते म्हणून.