चाकचाचांचे शंभर फेरे

चाकचाचांना खुर्चीत बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्याच घरी. एरवी हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताट हातात घेऊन मांडवभर फिरायचा. चहा पिताना येरझाऱ्या, पेपर वाचताना येरझाऱ्या. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाहेरच्या रस्त्याला दोन चकरा ठरलेल्या. "बसा की चाचा," म्हटलं तर म्हणायचे, "नक्को बेटी. फौजेत बावीस वर्षं गाडीत बसूनच काढली. माझं बसणं संपलं."

लष्करातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन ते सोलापुरात परतले, त्याच सुमारास लष्कराच्या मदतीने आपल्या शहरात दरवर्षीची मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्या वर्षी सगळा आनंदीआनंद होता. बँड वाजतोय, जवान पाण्याचे पेले घेऊन उभे, पळणारी पोरं कॉलेजची, काहींच्या पायांत बूटसुद्धा नाहीत. दहा किलोमीटरचा मार्ग कुणीतरी जीपच्या मीटरवर मोजला होता. चाचा थेट लष्करी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "साब, जीपचा मीटर जीपला ठीक आहे. माणसं पळणार असतील तर नीट मोजा." साहेब हसले आणि मोजायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. ते कायमचंच.

त्यांची रीत अशी. सायकलच्या पुढच्या चाकाला एक लाल चिंधी बांधायची. चिंधी वर आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. शंभर फेऱ्यांचे दोनशे दहा मीटर होत. प्रत्येक किलोमीटरला रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाची खूण. दरवर्षी कुठला तरी रस्ता खणलेला असायचा आणि मार्ग बदलायचा. नाही बदलला तरी चाचा नव्याने मोजायचेच. मोजताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा कडक नियम. एकदा चाचींनी बाजारातून येताना हाक मारली, तर हे त्यांच्याकडे न बघता पुढे निघून गेले. घरात चार दिवस अबोला होता.

मी मूळची शहराजवळच्या कुंभारीची. सकाळी गावाच्या रस्त्यावर एकटी पळायचे, ते बघून चाचा सायकल घेऊन माझ्या मागेच लागले. "थांबू नक्को गे, थांबू नक्को!" एवढंच त्यांचं प्रशिक्षण. तीन वर्षांनी मी बायकांत पहिली आले, तेही विक्रमी वेळेत. पुढच्या वर्षीच्या अर्जावर 'महिला, दहा किलोमीटर, विक्रम' यापुढे माझं नाव छापून येणार होतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, फ्रेमवाल्याला आधीच सांगून ठेवलं.

अर्ज छापायला जायचे होते त्याच आठवड्यात चाचा माझ्या जुळे सोलापूर भागातल्या घरी आले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं, यांच्या छातीत दुखतंय.

"बेटी, परत मोजलं. रस्ता तोच, पण एक चिंचोका कमी भरतो. तीन वेळा मोजलं. गेल्या साली मी तुम्हा सगळ्यांना दोनशे दहा मीटर कमी पळवलं."

"मग?"

"मग तुझा विक्रम होत नाही."

"कुणाला कळतंय चाचा? ऱ्हाऊ द्या की!"

"मला कळलं की गे. साहेबांना सांगून आलोय."

मी काय काय बोलले ते आता आठवायलाही नको वाटतं. पुन्हा या घरात येऊ नका, इथवर गेले. अण्णा तर "लई शाना हाय त्यो म्हातारा!" म्हणत बिचाऱ्या फ्रेमवाल्यावरच खेकसले. अर्जावर माझ्या नावाच्या जागी नुसती रेघ छापून आली. त्या वर्षी मी नावच दिलं नाही.

पण पायांना चैन पडेना. स्पर्धा होऊन गेल्यावर एका सकाळी मी एकटीच त्या मार्गावर पळायला निघाले. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत जुन्या खुणेवरच नवा रंग दिलेला होता. चौथी खूण मात्र जुनीच्या बरीच पुढे. म्हणजे चूक मधल्या टप्प्यात झाली होती. त्या टप्प्यात एक बसथांबा आहे. तिथे पोचले आणि थांबले. आदल्या वर्षी याच थांब्यावर मी त्यांच्या सायकलला आडवी गेले होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरीचं पत्र हातात होतं, आणि नियमबियम विसरून मी ओरडले होते, "चाचा, लागली!" आणि चाचा चक्क थांबले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून "जीती रह" म्हणाले होते. त्या आनंदात एक चिंचोका उगाचच डाव्या खिशात गेला असणार.

तशीच घामाघूम त्यांच्या घरी गेले. दारातूनच विचारलं, "चाचा, माझ्यामुळं चुकलं ना? मग साहेबांना तसं सांगितलं का नाही?"

"तू बोललीस. चिंचोका मी टाकला," असं म्हणून ते चहा सांगायला आत गेले. मी ओट्यावर बसून रडले. ते बाहेर येऊन माझ्याभोवती येरझाऱ्या घालत राहिले.

पुढच्या वर्षी मी पळाले. शेवटची रेघ ओलांडली आणि थांबलेच नाही. आणखी दोनशे दहा मीटर तशीच गेले. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी चाचा तिथे घड्याळ घेऊन उभे होते. "आता पुरं झालं," म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी मी तेवढं पुढे पळायचे आणि ते तिथे उभे असायचे.

आता मार्ग यंत्राने मोजतात, विक्रम दुसऱ्याच एका पोरीच्या नावावर आहे. चाचा गेल्या उन्हाळ्यात गेले. संध्याकाळी फिरायला निघाले आणि वाटेतच गेले. चाचींनी त्यांचे चिंचोके मला आणून दिले.

यंदा रेघ ओलांडून मी पुढे निघाले, तसा एक जवान मागून ओरडला, "मॅडम, रेस संपली! कुठं निघालात?" मी नुसता हात हलवला. पुढे कुणीच उभं नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी तिथवर गेले. छाती फुटेस्तोवर धाप लागली होती. उजव्या खिशातला एक चिंचोका काढून डाव्या खिशात टाकला आणि मागे वळले.